दवंडी आणि दफ्तर

इंग्रजी अमलापूर्वीच्या महाराष्ट्रात गावाचा कारभार ज्या दोन साधनांनी चालत असे, त्यांतील एक साऱ्या गावाच्या कानांवर आदळत असे आणि दुसरे एका घरातल्या माणसांखेरीज कोणाच्या दृष्टीस पडत नसे. पहिले दवंडी, दुसरे दफ्तर. साऱ्याचा हप्ता केव्हा भरावयाचा, सरकारी स्वारी कोणत्या दिवशी येणार, वेठीस किती माणसे हवीत, हे सांगण्यासाठी येसकर महार हलगी वाजवीत आळीआळीतून फिरे, आणि त्याची आरोळी ऐकलीच नाही असे म्हणण्याची सोय कोणास उरत नसे. परंतु सारा कोणत्या हिशेबाने आकारला, कोणाच्या नावे किती बाकी निघाली, अमक्याचे शेत तमक्याच्या खाती कधी चढले, गावखर्चाच्या सदरात देवाचे किती आणि पाहुण्यांचे किती, हे ज्या कागदांवर उतरलेले असे ते कागद कुळकर्ण्याच्या घरी, रुमालात घट्ट बांधून, फडताळात पडून असावयाचे. त्या रुमालाची गाठ सोडण्याचा अधिकार वंशपरंपरेने एकाच घराण्याकडे होता. आणि ती सुटली तरी आतले अक्षर मोडी. मोडी ही लेखणी न उचलता झरझर लिहिण्यासाठी रूढ झालेली लिपी, काही लपविण्यासाठी निर्माण केलेली नव्हे. तथापि ज्या गावात ती वाचणारी दोनच घरे, त्या गावापुरते तिने कुलपाचे काम चोख बजावले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात खेड्याच्या या यंत्राची चाके एकेक सुटी करून दाखविली आहेत. स्वतः महसूल खात्यात चाकरी केलेली असल्यामुळे या यंत्रात वंगण कोठे पडते आणि खडखडाट कोठे होतो हे त्यांना पुरते ठाऊक होते.

ज्याने दवंडी पिटावयाची त्याला दफ्तराजवळ जाण्याची मुभा नसे, ही गोष्ट या इतिहासात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. राजाज्ञा गावाच्या कोपऱ्याकोपऱ्यांत पोहोचविणारा महार चावडीच्या पायरीखाली उभा राही, आणि ज्या हुकमाचा तो शब्दशः उच्चार करी त्या हुकमाचा कागद त्याच्या हाती कधी पडत नसे. सरकारचा आवाज तळापर्यंत नेण्याची व्यवस्था पूर्ण होती. तळाचा प्रश्न वर नेण्याची व्यवस्था नव्हती.

तरी एका बाबतीत त्या जुन्या काळाने आजच्या काळास लाजवावे अशी रीत पाळली होती. वतनाचा वारसा, शिवेचा तंटा, पाटीलकीच्या मानपानाचा कलह असे प्रकरण उपस्थित झाले म्हणजे गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन, आसपासच्या गावांचे वतनदार आणि बलुतेदार एकत्र जमत, साक्षी होत, आणि निवाड्याचा जो कागद तयार होई त्याला महजर म्हणत. महजराचे सामर्थ्य निवाड्याइतकेच त्याखालच्या निशाण्यांत असे. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी आपापल्या धंद्याची खूण करावी असा परिपाठ होता: पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा. लिहिता येत नाही म्हणून साक्ष बाद, असे त्या पद्धतीने म्हटले नाही. आणि शिवेच्या भांडणात तर ज्या महाराला एरवी चावडीची पायरी चढता येत नसे त्याचीच साक्ष भारी मानली जाई, कारण शीव त्याच्याइतकी कोणी तुडविलेली नसे. बायकांना या सभेत स्थान जवळजवळ नव्हते, आणि गोताच्या न्यायात गोताचे हेवेदावेही उतरत, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच मनोदय नाही. मात्र निर्णय ज्यांच्यावर लागू व्हावयाचा त्यांची खूण निर्णयाच्या कागदावर हवी, ही कल्पना तेथे होती, आणि ती पुढे फार दिवस हरवली.

१८१८ साली राज्य पालटले. पुढच्याच वर्षी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी एल्फिन्स्टनने जो अहवाल लिहिला, त्यात या गावसंस्थेची त्याने आस्थेने नोंद घेतली. पण आस्था असणे निराळे आणि जमाबंदी निराळी. इंदापूर तालुक्यात १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी मोजणी चालविली तिच्यातून शेताला नंबर, क्षेत्र आणि आकार मिळाला, आणि कुळकर्ण्याच्या स्मरणात व रुमालात कोंडलेले गाव प्रथमच नकाशावर आले. हा प्रकाश तूर्त कलेक्टरकचेरीपुरता होता. शेतकऱ्याला आपला नंबर कळला. आपल्या नंबरावर कोणाकोणाचा हक्क नोंदला आहे हे कळण्यास १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा यावा लागला. सात-बाराच्या उताऱ्याचे मूळ या हक्कनोंदणीत आहे: गाव नमुना सात अधिकाराचा आणि नमुना बारा पिकांचा. जमीन विकली, वाटली, गहाण टाकली किंवा धनी निवर्तला, की फेरफाराच्या वहीत नोंद व्हावी आणि ती नोंद वरिष्ठाने प्रमाणित करावी, अशी रचना बसली. आणि तिच्यातच एक तरतूद अशी शिरली, की जिच्याकडे आपल्याकडील प्रशासनाच्या अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. तलाठ्याने फेरफाराची नोंद करताच तिची संपूर्ण नक्कल चावडीत ठळक जागी लावावी आणि ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना लेखी कळवावे, हा दंडक १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १५० व्या कलमात आजही आहे. दफ्तरातले पान भिंतीवर लावावे, हरकत घेण्यास मुदत द्यावी, आणि हरकत आली तर ती तक्रारनोंदवहीत चढवून निर्णय करावा, एवढी पारदर्शकता कायद्याने खेड्यात फार पूर्वी आणली होती.

कायद्याने आणली, चावडीने ती किती पाळली, हा वेगळा प्रश्न. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुळकर्णी वतने बरखास्त करून पगारी तलाठी नेमले, त्यामागे गावच्या लेखणीवरील एका घराण्याची मिरासदारी मोडण्याचा स्पष्ट हेतू होता. मुंबई राज्यात तेच काम १९५० च्या कायद्याने झाले. ज्या महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ पासून कायदेमंडळात विधेयक मांडून झुंज दिली, ते १९५८ च्या कायद्याने गेले. मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली. वतनदार गेला आणि नोकर आला, ही क्रांती लहान नव्हे. पण नोकराच्या सजात चार-पाच गावे, त्याचे बिऱ्हाड तालुक्याच्या गावी, आणि चावडीला कुलूप. त्यामुळे भिंतीवर लावावयाची नक्कल पुष्कळदा पंचनाम्यात ‘लावली’ आणि प्रत्यक्षात दफ्तरातच राहिली. भाऊबंदाने परस्पर नाव कमी केले हे बहिणीला दहा वर्षांनी कळावे, असे प्रकार दिवाणी न्यायालयांच्या पायऱ्यांवर बसून कोणीही ऐकावेत.

शहरांचा इतिहास निराळ्या वाटेने गेला, कारण तेथे पैसा उघड दिसत होता आणि तो देणारे लोक लिहू-वाचू शकत होते. मुंबईत १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर झाले आणि त्यांनी शहर झपाट्याने सुधारण्यास घेतले. गटारे, रस्ते, मंडई, सारे व्हावयास हवेच होते. पण खर्चाचा हिशेब मागणारे कोणी नाही आणि सांगणारेही कोणी नाही, असा कारभार झाल्यामुळे तिजोरी कर्जात बुडाली व १८७१ साली करदाते खवळले. सभा झाल्या, अर्ज गेले, नौरोजी फर्दुनजींसारख्यांनी आवाज उठविला. आणि त्याचे फलित म्हणजे १८७२ चा कायदा, ज्याने चौसष्ट सभासदांची नगरसभा स्थापून त्यांतील निम्मे करदात्यांनी निवडावे असे ठरविले. पुढे १८८८ साली लाचलुचपतीच्या आरोपांवरून सरकारला ज्यांची चौकशी नेमावी लागली ते हेच क्रॉफर्डसाहेब.

१८७२ च्या या कायद्यानंतर काही वर्षांनी पुण्याच्या म्युनिसिपालिटीत एक सरकारनियुक्त सभासद बसत होते, ज्यांचे नाव कारभाराच्या खुलेपणाच्या संदर्भात क्वचितच निघते: जोतीराव फुले. १८७६ पासून १८८२ पर्यंत ते सभासद होते. गव्हर्नर-जनरलच्या पुणे-भेटीनिमित्त हजार रुपये खर्चण्याचा ठराव १८८० च्या सुमारास आला तेव्हा तो पैसा शिक्षणाकडे लागावा असे म्हणून एकट्या जोतीरावांनी विरोधी मत नोंदविले. मोठी मंडई बांधण्याच्या योजनेलाही त्यांचा असाच विरोध होता. ती मंडई उभी राहिली, रे-मार्केट म्हणून नांदली, आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे. गंमत अशी, की मुंबईतील क्रॉफर्डची मंडईही आज त्यांच्याच नावाने आहे. ज्याने खर्चाला हरकत घेतली त्याचे नाव दगडावर कोरणे आपल्या नगरपालिकांना जमले. हरकतीची परंपरा जतन करणे मात्र तितकेसे जमले नाही. शेतकऱ्याच्या दारिद्र्याचे मूळ शोधताना जोतीराव पुनःपुन्हा कुळकर्ण्याच्या लेखणीकडे का वळतात, हे वर वर्णिलेला रुमाल डोळ्यांसमोर ठेवला म्हणजे उमगते.

दफ्तर उघडण्याची अनिच्छा केवळ सारा-फाळ्यापुरती नव्हती. पेशव्यांचे राज्य बुडून शतक उलटले तरी पुण्यातील पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल सरकारने संशोधकांपासून दूरच ठेवले होते. इतिहाससंशोधक राजवाड्यांना मराठ्यांच्या इतिहासाची साधने वाड्यावाड्यांच्या माळ्यांवरून आणि वाण्यांच्या दुकानांतून गोळा करावी लागली, त्याचे हे एक कारण. इतिहासकार सरदेसायांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले ते १९३० पासून. मृत राजवटीच्या कागदांची जेथे ही कथा, तेथे जिवंत राजवटीने १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा करावा आणि स्वराज्यानेही तो पुढे चालवावा, यात नवल नाही.

तो कायदा असताना उजेडाला वाट कशी मिळाली, याचे उत्तर मजुरांच्या हजेरीपत्रकात आहे. रोजगार हमी योजना महाराष्ट्राने १९७२ पासून देशाला दाखविली, पण हजेरीपत्रक गावासमोर मोठ्याने वाचून दाखविण्याची कल्पना राजस्थानात फळली. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनवाया भरविल्या. कामावर कोण होते आणि कोणाच्या नावे मजुरी उचलली गेली हे सर्वांदेखत वाचले गेले, आणि कागदावरची माणसे व मांडवातली माणसे यांचा मेळ बसेना. येथेही निरक्षराची साक्ष साक्षराच्या लेखणीवर मात करून गेली. गोव्याने १९९७ साली, आपल्याही आधी, माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. महाराष्ट्राचा २००० सालचा कायदा इतका दुबळा होता, की अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर तो टाकून नवा करावा लागला. हा नवा कायदा २३ सप्टेंबर २००२ पासून अमलात आला, आणि त्याच्या अनेक तरतुदी २००५ च्या केंद्रीय कायद्यात पुढे गेल्या.

केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमाची चर्चा अर्ज-अपिलांच्या गलबल्यात मागे पडते. कोणी न मागता सरकारी कार्यालयाने आपल्याविषयीच्या सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध कराव्यात, दफ्तराची सूची करावी, आणि ते संगणकावर आणून जाळ्याने जोडावे, असे ते सांगते. या सतरा बाबींसाठी दिलेली मुदत एकशेवीस दिवसांची होती. ती २००५ सालीच संपली. पुण्यात २००९ साली महेश झगडे आयुक्त असताना महापालिकेने निराळेच पाऊल टाकले: दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकाने यावे आणि हवी ती फाईल बसून पाहावी. यात यंत्र नाही, पडदा नाही; एक मेज, एक खुर्ची आणि उघडलेला रुमाल. राज्य शासनाने २०१८ च्या अखेरीस हाच परिपाठ जिल्हा पातळीपर्यंतच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना घालून दिला. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत नागरी कारभार खुला करण्यासाठी महाराष्ट्राने जे जे काही केले, त्यांत इतके स्वस्त आणि इतके निर्भीड दुसरे काही नाही. आणि म्हणूनच बहुधा त्याचा गाजावाजा झाला नाही.

यंत्राचा गाजावाजा झाला, आणि तो अगदीच निष्कारण नव्हता. कल्याण-डोंबिवली महापालिकेने २००२ च्या सुमारास नागरी सुविधा केंद्र उघडून दाखले, कर आणि तक्रारी संगणकावर आणल्या, आणि तोच नमुना पुढे राज्यातील इतर नगरपालिकांपुढे ठेवण्यात आला. खेड्यांत सात-बाराचे संगणकीकरण अडखळत, चुका करीत आणि त्या दुरुस्त करीत पुरे झाले. १ मे २०१८ रोजी अंकीय स्वाक्षरीचा उतारा सुरू झाला आणि ज्या कागदासाठी तलाठ्याच्या दारी हेलपाटे घालावे लागत तो पंधरा रुपयांत कोठूनही काढता येऊ लागला. पण माझे मन रमले ते महसूल खात्याच्या दुसऱ्या एका संकेतस्थळावर. त्याचे नाव ‘आपली चावडी’. जिल्हा, तालुका, गाव निवडले, की त्या गावात कोणत्या फेरफाराची नोटीस निघाली आहे, तो खरेदीचा की वारसाचा, आणि हरकत घेण्याची मुदत कधी संपते, हे पडद्यावर उमटते. कुलूपबंद चावडीच्या भिंतीवर न लागलेली नक्कल मुंबईच्या चाळीत, सुरतेच्या गिरणीत किंवा दुबईच्या बांधकामावर असलेल्या भावाबहिणीला दिसू लागली. कायद्याच्या एका जुन्या वाक्याचे यंत्राने केलेले हे पालन आहे, आणि ते अस्सल आहे. ग्रामपंचायतींच्या बाबतीत केंद्राच्या ‘ई-ग्रामस्वराज’ने २४ एप्रिल २०२० पासून असेच द्वार उघडले: वित्त आयोगाचा निधी गावाला किती आला आणि कोणत्या कामावर किती खर्ची पडला, हे आता कोणालाही वाचता येते.

समाजमाध्यमांविषयी मात्र माझे मत इतके उदार नाही. मुंबई महापालिकेच्या चोवीस प्रभागकार्यालयांची खाती ट्विटरवर आली, तेव्हा खड्ड्याचे छायाचित्र टाकणाऱ्या नागरिकाला पूर्वी कधी न मिळालेली एक गोष्ट मिळाली: त्याची तक्रार तारीखवार, सर्वांदेखत नोंदली गेली आणि ती गहाळ करणे कारकुनाच्या हाती राहिले नाही. येथवर उत्तम. परंतु तक्रार निकाली निघाली असे जे उत्तर येते, त्यावर तक्रारदाराची संमती कोठे असते? खड्डा बुजला की नाही हे बुजविणाऱ्यानेच ठरवावे आणि प्रकरण बंद करावे, यात महजराचा गंधही नाही. त्यावर नांगर, वाकस, चाक काही उमटत नाही. खेड्यात व्हॉट्सॲपचा समूह आज घरोघर पोहोचला आहे. सरपंच त्यावर भूमिपूजनाची छायाचित्रे टाकतात, ग्रामसेवक घरपट्टीची आठवण देतात, पाणी कोणत्या वेळी सुटेल ते कळते. आणि अनेक समूहांत संदेश पाठविण्याचा अधिकार फक्त ‘ॲडमिन’कडे ठेवलेला असतो. हलगी तेवढी गेली. दवंडीची जात तीच राहिली. सरपंचपदाच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव असूनही समूहाचा चालक पुष्कळदा सरपंचबाईंचा नवराच निघतो, याची मौज वाटावी की खेद, हे ज्याचे त्याने ठरवावे.

उलट ज्या गावांनी खरोखर दफ्तर उघडले तेथे यंत्राचा वाटा बेताचाच दिसतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाऊस मोजून आणि विहिरींची पातळी पाहून पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडण्याची रीत पाडली. कोणते पीक घ्यावयाचे आणि कोणते नाही, हे त्या आकड्यांवर गावच ठरविते. गडचिरोलीतील मेंढा-लेखा येथे ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीने होतो, आणि त्याआधी अभ्यासगटात तो विषय समजून घेण्याचा प्रघात आहे. दोन्ही ठिकाणी आकडा आधी सांगितला जातो आणि ठराव नंतर होतो. अन्यत्र हा क्रम पुष्कळदा उलटा असतो: कोऱ्या इतिवृत्ताखाली सह्या आधी घेतल्या जातात आणि ठराव सवडीने लिहिला जातो.

म्हणून वाचकांना माझी विनंती एवढीच, की २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आगेमागे आपल्या गावी जी ग्रामसभा भरते तिला जाण्यापूर्वी ‘ई-ग्रामस्वराज’वरील आपल्या पंचायतीच्या खर्चाचे पान छापून खिशात ठेवावे, सभेत उभे राहून ते मोठ्याने वाचावे, आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचून दाखविले जाईपर्यंत वहीवर सही करू नये. ते वाचून कायम करणे हा सभेचा पहिलाच विषय असतो.